वेदगंगेच्या काठी एक रात्र

तळ्याकाठी तंबू ठोकून एक रात्र राहण्याचा बेत मुलांनी घरात मांडला, तेव्हा पहिला आक्षेप माझ्या आईने घेतला. आणि तो थंडीचा नव्हता, श्वापदांचाही नव्हता. ती म्हणाली, "कामाशिवाय रानात जाऊन करणार काय? जमीन उकराल, पाणी उडवाल, जाळ कराल, झाडांची पाने ओरबाडाल. समंतभद्र आचार्यांनी यालाच प्रमादचर्या म्हटले आहे."

मी त्या रात्री रत्नकरंड श्रावकाचार काढून पाहिले. आईचे स्मरण अचूक होते. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत आचार्यांनी प्रमादचर्या सांगितली आहे. निष्प्रयोजन भूमी खणणे, पाणी ढवळणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे, स्वतः भटकणे आणि दुसऱ्यास भटकावयास लावणे, हे सर्व तिच्यात येते. आजकाल ज्यास 'कॅम्पिंग' म्हणतात त्याचे याहून नेमके वर्णन मला तरी सापडले नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी आमच्या सहलीची यादीच करून ठेवली होती.

परंतु त्या व्याख्येत 'निष्प्रयोजन' हा शब्द आहे, आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने नेमका तोच धरला. दुसऱ्या दिवशी तो आजीला म्हणाला, "आजी, काम आहे. बाबा एक दिवस तरी दिवसा जेवतील."

येथे वाचकांसमोर कबुली देणे भाग आहे. गारगोटीच्या पेठेत आमचे किराणा-भुसाराचे दुकान आहे. घरातील स्त्रिया आणि मुले सूर्यास्तापूर्वी जेवतात. मी दुकान वाढवून रात्री नऊच्या पुढे घरी येतो आणि झाकून ठेवलेले ताट उघडतो. व्यापारी घरांत हे दृश्य नवे नाही. संध्याकाळची दोन-तीन तासांची गिऱ्हाइकी सोडावी कशी, या एका प्रश्नापुढे आमच्यापैकी किती जणांचे रात्रिभोजनत्यागाचे व्रत अडून बसले आहे, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. आईने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. नातवाचे वाक्य ऐकून ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग जाऊ. पण माझ्या नियमाने."

पौष महिन्यातला, अष्टमी-चतुर्दशी टाळून एक शनिवार ठरला. दुकान धाकट्या भावाकडे दिले. आई, आम्ही उभयता, भावजय आणि तीन मुले, असे सात जण निघालो. गारगोटीहून पाटगाव म्हणजे वेदगंगेच्या उगमाकडे तासाभराचा रस्ता. गारगोटीच्या पुलाखालून वाहणारी नदी ही, आणि वर पाटगावला धरणाने अडविलेली तीच. त्या जलाशयास मौनीसागर म्हणतात. पाटगाव हे मौनी महाराजांचे स्थान. दक्षिणेच्या स्वारीपूर्वी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनास आले होते, अशी परंपरा आहे. गारगोटीतील मौनी विद्यापीठाचे नावही त्यांच्यावरूनच आहे. पाटगावच्या पुढे रस्ता रांगण्याच्या डोंगरात शिरतो आणि सह्याद्रीची धार लागते. तिच्यापलीकडे कोकण.

वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, आणि तो करूही नये. दाजीपूरच्या बाजूस पर्यटकांसाठी राहण्याची सोय आहे, परंतु ते राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र आहे. १९५८ साली गव्यांसाठी राखलेले हे राज्यातील पहिले अभयारण्य होय. २०१२ साली पश्चिम घाटाची जी ३९ स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत तेही आहे. तेथे भटकंतीच्या वेळा ठरलेल्या असतात आणि दिवस मावळण्यापूर्वी जंगलातून बाहेर पडावे लागते. (हा नियम ऐकून आई म्हणाली, "सरकारलाही दिवसाचे महत्त्व कळले म्हणायचे.") आम्ही पाटगावच्या अलीकडे, जलाशयाच्या काठास लागून असलेल्या एका शेतकऱ्याच्या मोकळ्या शेतात उतरलो. हा गृहस्थ आमच्या दुकानाचा जुना ग्राहक. त्याने भात काढलेले शेत दाखवून म्हटले, "शेठ, कुठंबी ठोका तंबू. फकस्त त्या वारुळाच्या बाजूला नको."

तंबूची जागा आईने ठरविली. तिने प्रथम मुलांना घेऊन ती जमीन न्याहाळली. मुंग्यांची रांग कोठून जाते, बिळे कोठे आहेत, गवत कोठे दाट आहे, हे पाहिले. मग मऊ केरसुणीने हळुवार झाडले. तंबूभोवती चर खणण्याची मुलाची हौस तिने जागच्या जागी मोडली. पौषात पाऊस नाही, मग चर कशाला? दोन भाड्याचे तंबू आणि दुकानातली एक ताडपत्री, एवढाच आमचा संसार उभा राहिला.

त्यानंतर तिने जे केले ते मला आजवर कोणत्याही सहलीत पाहावयास मिळाले नव्हते. तिने तिन्ही मुलांना जवळ बसवून देशव्रत दिले. दिग्व्रतात श्रावक जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घेतो. देशव्रतात ती काही काळापुरती आणखी आखडून घेतो. शास्त्रात त्यासाठी घर, गाव, शेत, नदी, वन अशा ओळखीच्या खुणा वापरण्यास सांगितले आहे. आई म्हणाली, "पूर्वेला ते जांभळाचे झाड. पश्चिमेला हा बांध. उत्तरेला शेतकरीदादांचे खोपटे. दक्षिणेला पाण्याकाठचा तो काळा दगड. उद्या सूर्य उगवेपर्यंत याच्या पलीकडे पाऊल नाही, हाक नाही, दगडही फेकायचा नाही." हाक आणि दगड यांचा उल्लेख ऐकून भावजय हसली. पण मर्यादेबाहेर शब्द पाठविणे आणि वस्तू फेकणे हे देशव्रताचे अतिचार म्हणून शास्त्रात खरोखरच मोजलेले आहेत. आठ वर्षांच्या पुतणीने ती चारही टोके दोनदा चालून पाहिली. पाण्याकाठी मुले घेऊन जाणाऱ्या कोणत्याही आईबापांना विचारा, रात्री मूल कोठे आहे ही धास्ती केवढी असते. त्या रात्री आम्हाला ती एकदाही वाटली नाही.

पाण्याची कथा वेगळी. घरी नळास गाळणे बांधलेले असते, आणि पाणी गाळणे म्हणजे तेवढेच, असा मुलांचा समज होता. दुहेरी घडीच्या जाड वस्त्रातून पाणी गाळले, तरी ते एका मुहूर्तापर्यंतच, म्हणजे ४८ मिनिटेच, गाळलेले समजले जाते. उकळल्यास त्याची मर्यादा वाढते. हे सर्व त्यांना पाठ होते. परंतु गाळल्यानंतर त्या वस्त्रावर जे उरते, त्या जिवाणीचे काय करावयाचे? शास्त्र सांगते की, ज्या जलाशयातले पाणी असेल त्याच जलाशयात ती हळुवार परत सोडावी. नळाच्या पाण्याची जिवाणी कोठे सोडणार? धरण, जलकुंभ, नळ या साखळीत त्या जिवांचे घरच हरवलेले असते. माझी आई लहानपणी विहिरीत कडीच्या भांड्याने जिवाणी सोडत असे. लग्न होऊन गावात आल्यापासून ते सुटले. त्या दिवशी तिने मौनीसागराचे पाणी गाळले, वस्त्र उलटे करून त्यावर गाळलेलेच पाणी ओतले, ते पाणी भांड्यात धरले आणि काळ्या दगडाशी वाकून, भांडे पाण्यास टेकवून, आवाज न होऊ देता सोडले. मुले तिच्या पाठीमागे उभी होती. कोणी काही बोलले नाही. नंतर रात्रीपर्यंत पाणी गाळण्यावरून मात्र त्यांची आपसांत भांडणे झाली. प्रत्येकाला जिवाणी आपणच सोडावयाची होती.

सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होता. त्याआधी दोन घटका जेवण आटोपावयाचे, म्हणजे साडेपाचच्या आत. परंतु पश्चिमेस सह्याद्रीची भिंत असल्यामुळे सूर्य पाचच्या पुढे थोड्याच वेळात डोंगरास टेकू लागला. पंचांगातला सूर्यास्त धरावा की डोळ्यांना दिसणारा, यावर भावजयीने थोडा वाद घातला. आई म्हणाली, "मला डोंगराआड गेलेला सूर्य दिसत नाही. माझा सूर्यास्त झाला." त्यामुळे घाई उडाली. घरून आणलेली ज्वारीची भाकरी, कांद्यावाचूनचे पिठले, शेंगदाण्याची चटणी, मुगाची खिचडी आणि दही. पीठ चार दिवसांपूर्वी दळलेले. थंडीत सात दिवसांची मर्यादा असते, तेव्हा चिंता नव्हती. स्वयंपाकासाठी छोटा गॅस होता, चूल मांडली नाही.

मी ताटावर बसलो तेव्हा पाण्यावर ऊन होते. हिवाळ्यातल्या पाच वाजता आईच्या शेजारी बसून मी शेवटचा केव्हा जेवलो होतो, हे मला आठवेना. तिने माझ्या पानात पिठले वाढले आणि हात थोडा जास्त वेळ तेथेच ठेवला.

खरा संघर्ष जेवणानंतर झाला. मुलाला शेकोटी हवी होती. त्याने मित्रांकडून ऐकलेली, चित्रपटांतून पाहिलेली रात्र शेकोटीवाचून पूर्णच होत नव्हती. आजीने नकार दिला. तो म्हणाला, "थंडी आहे ना! मग निष्प्रयोजन कसे?" वकील होईल असे वाटते. आजीने वाद घातला नाही. काठावरचा एक वाळका ओंडका तिने त्याला उचलून पाहण्यास सांगितले. खालच्या बाजूस सालीच्या फटींत वाळवी होती, दोन गोमा होत्या आणि एका कोळ्याची पांढरी अंड्यांची पिशवी. त्याने ओंडका पुन्हा जसाच्या तसा ठेवला. माझ्या मते त्या क्षणी त्याचा हट्ट गेला नव्हता, फक्त त्याला उत्तर सुचेना. तो बराच वेळ फुरंगटून तंबूत पडून राहिला. त्याच्या बाजूने मीही थोडा होतो, हे सांगितले पाहिजे. थंडी खरोखरच कडाक्याची होती. पण उन्हाळ्यात या डोंगरांत वाळल्या पानांतून वणवे कसे पसरतात हे आम्ही गारगोटीकर दुरून दरवर्षी पाहतो. श्वेतांबर परंपरेत श्रावकाने टाळावयाची जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत रानास आग लावणे हे एक स्वतंत्र कर्मादान आहे, आणि तळी-सरोवरे सुकविणे हेही. पंडित आशाधरांनी अशा क्रूर व्यवसायांना 'खरकर्म' म्हटले. ही नावे ऐकताना दुकानात बसून वाटत असे, हे आपल्यासाठी नव्हेच. तळ्याकाठच्या रानात बसून ती ऐकली की ती कोणासाठी लिहिली गेली ते समजते.

उजेडासाठी विजेरीवर नारिंगी पतंगाचा कागद बांधला होता. पांढऱ्या प्रकाशावर किडे झेपावतात, तांबूस-पिवळ्या प्रकाशाकडे कमी येतात. तीही लवकरच मालवली. मग घोंगड्यांत गुरफटून आम्ही काठावर बसलो, आणि मी मुलांना या पाण्याचा पुढचा प्रवास सांगितला. येथून ते गारगोटीला जाते, मग ठिकठिकाणच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर थबकत थबकत निपाणीच्या बाजूस उतरते आणि भोज गावापाशी दूधगंगेस मिळते. भोज म्हणजे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचे गाव. १८७२ साली जन्मलेल्या त्या सातगौडांनी तरुणपणी आदिसागर मुनींना खांद्यावर बसवून याच संगमाचे पाणी पार करविले, ही कथा आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. परंतु ते पाणी कोठून येते हे मुलांना ठाऊक नव्हते. पुतणीने विचारले, "म्हणजे आजीने सोडलेली जिवाणी भोजला जाईल?" आई म्हणाली, "त्यांचे आयुष्य असेल तेथवर जाईल."

वन आणि तळे हे आपल्याला परके आहेत, आपण केवळ पेठेचे लोक, ही समजूत कोल्हापूर भागात तरी टिकत नाही. शिलाहार राजा गंडरादित्याने मिरज प्रांतातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचे तळे खोदविले आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध व अर्हत् यांची मंदिरे उभारली, अशी नोंद शके १०३२ च्या ताम्रपटात आहे. एकाच तळ्याच्या काठी तीन देवालये! त्याच राजाने आजऱ्यास त्रिभुवनतिलक जिनालय बांधविले होते, आणि तेथे बसून इ. स. १२०५ मध्ये सोमदेवांनी 'शब्दार्णवचंद्रिका' हा जैनेंद्र व्याकरणावरील ग्रंथ लिहिला. तेव्हा राज्य दुसऱ्या भोजाचे होते. आमच्या तालुक्याला नाव देणारा भुदरगड किल्लाही त्यानेच बांधला असे मानतात. आजरा येथून डोंगरांपलीकडे. आजही तो भाग झाडीचा आणि हत्ती उतरण्याचा. आठशे वर्षांपूर्वी तो केवढा गर्द असेल, आणि त्या गर्दीत कोणी एक साधू व्याकरणाची सूत्रे सोडवीत बसला होता, ही कल्पना मला त्या अंधारात फार जवळची वाटली.

पहाटे दवाने तंबू आतून ओले झाले होते. आई सामायिकास काळ्या दगडाशी बसली होती. उजाडल्यावर मुलांनी पाहिले, आमच्या बांधापलीकडे, मर्यादेच्या बाहेर आठ-दहा हातांवर, चिखलात मोठ्या खुरांचे ताजे ठसे उमटले होते. शेतकरीदादा पाहून म्हणाले, "गवं आल्तं पाण्याला. तुमास्नी कळलंबी न्हाई?" आम्हाला कळले नव्हते. मुलगा त्या ठशांजवळ बराच वेळ उकिडवा बसला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो.

निघण्यापूर्वी यजमानांनी आम्हाला खोपटाकडे नेले. मागे झाडांखाली मधपेट्या मांडलेल्या होत्या. पाटगाव हे 'मधाचे गाव' आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेत महाबळेश्वरजवळचे मांघर पहिले आणि त्यानंतर पाटगाव. जांभूळ, हिरडा, कारवी अशा फुलोऱ्यावर येथे सातेरी माश्या पाळल्या जातात. त्यांनी अभिमानाने चौकट उचलून दाखविली. मग एका वाटीत मध आणून पुतणीपुढे धरला. आईने हात जोडून सांगितले, "आमच्यात मध चालत नाही, बाबा. राग मानू नका." त्यांना ते ठाऊक नव्हते असे नव्हे, तरी वाटी मागे घेताना चेहरा उतरला. ते म्हणाले, "आजी, आता पोळं पिळत न्हाईत. यंत्रात चौकट फिरिवली की मध भायेर येतो. येक माशी मरत न्हाई. पोळं तसंच ऱ्हातंय, माश्या पुन्हा भरत्यात."

मुलाने लगेच माझ्याकडे पाहिले. एकही माशी मरत नसेल तर मग का नाही?

अष्टमूलगुणांत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग पहिला, एवढे सांगून हा प्रश्न मिटत नाही. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात तो हजार वर्षांपूर्वीच विचारात घेतला आहे: पोळ्यातून आपोआप गळलेला अथवा युक्तीने काढलेला मध घेतला, तरी त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवांचा घात होतो, म्हणून तेथेही हिंसा आहे. आईने नातवाला हे वेगळ्या शब्दांत सांगितले. "तुझ्या बाबांचे कोठार आहे. कोणी रात्री येऊन माल नेला आणि बाबांना धक्काही लावला नाही, तर ती चोरी नाही का? माश्यांनी पावसाळ्यासाठी भरलेले ते कोठार आहे."

यजमान हसले. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, तुमी खाऊ नगा. पण गारगोटीच्या दुकानात आमच्या चार-चार बाटल्या ठिवा की. पेठंत तुमचं नाव हाय. गिऱ्हाईक इस्वासानं घील."

मी सांगितले की आम्ही मधाचा व्यापार करीत नाही. हे वाक्य तोंडातून निघाले आणि मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, आपल्या काचेच्या कपाटात आहेत की बाटल्या."

त्या होत्या. आयुर्वेदिक औषधांच्या मालाबरोबर एजंट घालून जातो. सर्दीखोकल्याच्या दिवसांत गिऱ्हाईक मागते. मी कधी विचार केला नव्हता. रसवाणिज्य हेही पंधरा कर्मादानांतच मोडते, हे मात्र मला पाठ होते. ज्याच्या शेतात रात्रभर निर्धास्त झोपलो, ज्याने माशी मरू नये म्हणून यंत्र आणले, त्याचा मध मी धर्माचे कारण देऊन नाकारत होतो. आणि कोठून येतो, कसा काढतात हे ज्याचे मला ठाऊक नाही, तो मध माझ्या दुकानात विकला जात होता. यजमान काही बोलले नाहीत. आईही बोलली नाही. तिने फक्त पदर सावरला.

मी त्यांना म्हटले, "मध जमणार नाही, आणि कपाटातलाही यापुढे मागवणार नाही. तुमची नाचणी आणि काजू द्या, पेठेच्या भावाने रोख घेतो." ते म्हणाले, "शेठ, नाचणीला मधाचा भाव कुठला यायला?" ते खरेच होते. मधाच्या एका पेटीने त्यांच्या घरात जी भर घातली होती, ती माझ्या दोन पोत्यांनी भरून निघणार नव्हती. माझ्या व्रताची किंमत काही अंशी त्यांच्या पदरी पडत होती, हे मला परतीच्या रस्त्यावर टोचत राहिले. अजून टोचते.

नाचणीची दोन पोती पुढच्या आठवड्यात एसटीच्या टपावरून आली. एजंटास सांगितले, त्याने शिल्लक माल परत घेण्यास नकार दिला. नऊ बाटल्या होत्या. त्या मी काचेच्या कपाटातून काढून मागच्या खोलीत ठेवल्या आहेत. विकत नाही, फेकूनही देववत नाही. शनिवारी मात्र आता दुकान पाचला भावाकडे जाते आणि मी घरी जेवावयास येतो. पहिल्या शनिवारी तीन गिऱ्हाइके विचारून परत गेली, असे भावाने सांगितले.